बोका धरणारा माणूस

“मी डॉक्टर न्हाई, मी धरणारा हाय.”

कोणी गाय, म्हैस, शेळी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात आलं आणि त्यांना “डॉक्टरसाहेब” म्हणालं, की ते दोन्ही तळहात पुढे करून दाखवायचे आणि हे वाक्य म्हणायचे. माझ्या हातात सुई नाही, असं सांगायचं असायचं. माणसांना दाखवायचे तसेच जनावरांनाही. बैलासमोर उभं राहून हात उलटसुलट करायचे, बैलाला ते नीट बघू द्यायचे आणि मगच त्याच्या मानेला हात लावायचे. तीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे. धरणारे तेच.

मी शाळेत खिचडी शिजवते. वडीगोद्रीहून अंकुशनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडला लागूनच हा दवाखाना, मधे कमरेएवढी भिंत. तांदूळ शिजेपर्यंत मला दुसरं काम नसतं. त्यामुळे मी त्यांना बघत असे.

जनावर खोड्यात अडकवून उभं केलं की डॉक्टर मागच्या बाजूला काम करायचे आणि हे पुढे उभं राहून त्याच्या डोळ्यावर तळहात ठेवायचे. मग त्याच्या कानाशी बोलायला लागायचे. “बाजारात मेथी लई आल्ती आज. कोणी हात लावीना. कारखाना चालू झालाय, रस्त्यानं जपून जात जा, ट्रॅक्टरवाले बघत न्हाईत.” जनावर कान टवकारून ऐकायचं. मेथीचं पुढे काय झालं ते कळेपर्यंत इकडे टाके घालून झालेले असायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जनावरापुढे मोकळी, माणसापुढे आपल्याच चपलांकडे बघणारी. मी त्यांच्याही पुढची. मी मांजराशी बोलायचं असेल तर आधी शेजारी कोणी नाही ना ते बघते.

गाव त्यांना मामा म्हणायचं. मला ते जमेना, कारण आमचं वय बहुतेक सारखंच. भाऊ म्हणावं तर तेवढी ओळख नाही, आणि नुसतं अहो म्हणावं तर वेगळंच वाटतं. म्हणून मी त्यांना शेवटपर्यंत काहीच म्हटलं नाही. ते समोर येईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, अशी माझी रीत होती. त्यामुळे माझी बरीच कामं उशिरा व्हायची.

माझ्या घरात मी आणि ठकी. ठकी ही मांजर. शाळेच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमागे सापडली होती, तिथून मी तिला घरी आणलं. तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालं. तेव्हा मी फाटकात उभं राहून बिनधास्त सांगितलं होतं, मांजरीचं ऑपरेशन करायचंय म्हणून. त्यात लाजण्यासारखं काय आहे? बाईचं ऑपरेशन हा आपल्याकडे चहा पिताना बोलायचा विषय आहे. ऑपरेशननंतर ठकी घरबशी झाली. अंगाने भरली. तिचं जग म्हणजे उंबरा, धान्याची कोठी आणि माझी मांडी. पळायचं कसं हे ती विसरूनच गेली, असं मला वाटायचं.

आणि मग तो बोका आला. काळा, जबड्याने रुंद, एका पायावर जुना व्रण. दाराच्या चौकटीवर मुतायचा, तो वास धुऊन जात नसे. गल्लीतल्या सगळ्या मांजरांना त्याने मारलं होतं, पण बाकीची पळायची. ठकी पळत नसे, म्हणून तिलाच जास्त मार. मानेला चावे, मग गळू, मग पू. एक बरं होईपर्यंत दुसरं.

उपाय मला माहीत होता. खेड्यात जन्मलेल्या कोणालाही माहीत असतो. गोऱ्हा माजला की त्याचं काय करतात ते मी लहानपणापासून बघितलेलं. फक्त तो शब्द एका परक्या पुरुषासमोर उभं राहून म्हणायचा होता.

मी डोक्यावरचा पदर सारखा करून गेले. ते समोर येईपर्यंत थांबले.

“काय ताई?”

“बोका आहे एक. त्याचं काहीतरी करायचंय.”

“खातो का?”

“खातो.”

“मंग अंगाला लागत न्हाई का?”

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नाही. ते आत जाऊन विचारून आले आणि जंताच्या गोळ्या दिल्या. “सुकटीत घालून द्या. फरक पडंल.”

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? मी घरी गेले आणि बोक्याला सुकटीतून जंताची गोळी दिली.

आठ दिवसांनी परत गेले. “अजून तसंच आहे,” मी म्हणाले. त्यांनी पिसवांची पावडर दिली. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असावं की बोका अगदी शेवटच्या घटका मोजतोय. त्यांनी ताकदीच्या औषधाची बाटली दिली, दुधातून द्यायची.

सगळं मी नेमाने दिलं. औषध द्यायचं तर बोका वेळेवर यायला हवा, म्हणून रोज एकाच वेळेला वाटी घेऊन दारात बसायची सवय मी स्वतःला लावली आणि त्यालाही. महिनाभरात त्याच्या पोटात जंत नव्हते, अंगावर पिसू नव्हती, केस असे चमकायला लागले की शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, “काय गं, बोका पोसून राह्यली का? घोड्यावानी झाला.” माझ्या मांजरीला मारणाऱ्याला मी तालीम देत होते. रोज, दारात बोलावून.

त्या ताकदीचा पहिला तडाखा ठकीच्या डाव्या डोळ्याला बसला. डोळा गेला.

डॉक्टरीणबाई तेव्हा नव्यानेच आल्या होत्या. त्यांनी डोळ्याची जागा साफ केली, शिवली. ठकीला धरलं होतं अर्थातच धरणाऱ्यांनी. ठकीला ते सांगत होते की कांदा उतरलाय. डॉक्टरीणबाई हात धुताना म्हणाल्या, “आता उजवा डोळा जपा. तोही गेला तर हिला जगवणं अवघड आहे.”

मी धरणाऱ्यांच्या चपलांकडे बघत म्हणाले, “त्या बोक्याचं… गोऱ्ह्याचं करतात ना, तसं करायचंय.”

त्यांनी ठकीला माझ्या हातात दिलं. “मंग तीन बारीला त्याला ताकद कायला दिली, ताई?”

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा ते घाईने म्हणाले, “चालतंय, चालतंय. ताकदीचं जनावर भूल बराबर सोसतं. वाया न्हाई गेलं.”

बोका धरायला ते स्वतः आले. कोंबड्या झाकायचं डालगं आणि पोत्याचा तुकडा घेऊन दुपारी माझ्या अंगणात बसले. बोका भिंतीवर. मी त्याच्याकडे बघायला लागले तर म्हणाले, “बघू नका. आपण बघितलं की त्याला कळतं.” मग आम्ही दोघं बोक्याकडे पाठ करून, घराच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. मधे डालगं. मला माझ्या बोटांचं काय करावं कळेना म्हणून मी भिंतीतले खडे मोजले. चार दुपारी असं चाललं. तिसऱ्या दिवशी शांताबाई कुंपणावरून म्हणाल्या, “भिंतीत काय दिसून राह्यलं दोघांना? मला बी सांगा, मी बी बसते.” ते कानापर्यंत लाल झाले. मी तर आधीच होते.

चौथ्या दिवशी बोका सुकटीपाशी येऊन खायला लागला आणि त्यांनी न बघताच मागे हात नेऊन डालगं त्याच्यावर ठेवलं. आवाजसुद्धा झाला नाही. बोका आत फुत्कारत होता आणि हे त्याला तळहात दाखवत होते.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी करायचं होतं. मी म्हणाले, “आजच्या दिवस इथेच ठेवते झाकून.” त्यांनी डालगं उचललं. “न्हाई ताई. इथं राहिला तर तुम्ही त्याला खाऊ घालताल.”

एवढं ते मला ओळखत होते. तेव्हा मला त्याचा जरा राग आला होता.

ऑपरेशन थोड्या वेळातच आटोपलं. पुन्हा कोणी चुकून धरू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी भुलीतच बोक्याच्या एका कानाचं टोक कापलं. ती अशा जनावरांची खूण असते, म्हणाल्या. हे ऐकून ते एकदम गंभीर झाले. त्यांचं घराणं मेंढरांचं. भाऊ अजून कळप घेऊन हिंडतात, हे एकटेच नोकरीला लागलेले. त्यांच्याकडे कान कातरणं म्हणजे साधी गोष्ट नाही. शंभर मेंढरांत आपली कोणती, ते कानावरून ठरतं.

“कान कातरला म्हणजे मालक ठरला,” ते मला म्हणाले. “तक्रार तुमची, खूण तुमच्या नावानं झाली. आता हा तुमचा.”

मला वाटलं चेष्टा आहे. पण ते चेष्टा करणारे नव्हते. दोन दिवसांत त्यांनी ते दवाखान्यात येणाऱ्या दहा जणांना सांगितलं असणार, कारण शांताबाई आल्या त्या थेट, “तुमच्या बोक्यानं माझं दूध सांडलं.” ज्याची तक्रार घेऊन मी निघाले होते, त्याच्या सांडलेल्या दुधाचे बोल मी ऐकून घेतले. आणि शांताबाईंना घरातलं दूध दिलं.

मी समजत होते की ऑपरेशन झालं म्हणजे बोका दुसऱ्या दिवसापासून गाय होणार. त्यांनी मला अंगणात उभं राहून समजावलं. “गोऱ्हा खच्ची केला तरी माज लगेच उतरत न्हाई. रक्तातलं जायला महिना जातो, दीड महिना जातो. अन् शिंगं तर तीच राहत्यात. तवर दोघांना समोरासमोर आणू नका. दार बंद ठेवा. बिलकुल उघडायचं न्हाई.”

आणि मग त्यांनी त्यांच्या घरची एक युक्ती सांगितली. मेंढी परकं कोकरू जवळ घेत नाही. तिला वास परका लागतो. मग मेंढके तिच्या अंगाचा वास त्या कोकराला लावतात, आणि थोड्या दिवसांनी ती त्याला हुंगून गप्प राहते. “फडकं घ्या एक. बोक्याच्या गालाला पुसा अन् ठकीच्या ताटाखाली अंथरा. ठकीचं फडकं बोक्याच्या वाटीखाली. दाराच्या अलीकडं ती जेवंल, पलीकडं तो. डोळ्यांनी वळख नको, आधी नाकानं होऊ द्या.”

मी तसं करायला लागले. दाराच्या अलीकडे ठकी, पलीकडे बोका, आणि दोन फडकी सांभाळत मधे मी. पहिले चार दिवस ठकी ताटाजवळ जाईना. पाचव्या दिवशी गुरगुरत गुरगुरत जेवली. आठव्या दिवशी गुरगुरली नाही.

नवव्या दिवशी माझ्यातली शहाणी बाई पुन्हा जागी झाली.

कडाक्याची थंडी होती. दाराच्या फटीतून बघितलं तर बोका उंबऱ्याबाहेर पाय पोटाखाली घेऊन बसलेला. कानाला टोक नाही, डोळे मिटलेले, तोंडावर असा भाव की जणू काल माळ घातली आणि आज मांस सोडलं. मला वाटलं, झाला हा माळकरी. महिना कशाला पाहिजे? आणि हेही वाटलं की संध्याकाळी ते येतील तेव्हा दोघं एका खोलीत बसलेली बघून चकित होतील. म्हणतील, ताई, तुम्ही तर नऊ दिवसांत केलं. हे वाक्य मी मनात दोनदा त्यांच्या आवाजात म्हणून बघितलं.

मी कडी काढली.

माळकरी आत आला. ठकीच्या ताटातलं खाल्लं. ठकीने नाक पुढे केलं, मग डोळ्याने बघितलं, आणि फिस्स केलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी झाडूने बोक्याला बाहेर काढलं तेव्हा ठकी कोठीमागे होती आणि तिच्या उजव्या डोळ्याखाली, एका जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या अंतरावर, लांब ओरखडा होता. तासाभरात डोळा सुजून बंद झाला.

ते आले, मलम घेऊन डॉक्टरीणबाईही आल्या. डोळा आतून शाबूत आहे की नाही ते सूज उतरल्यावर कळेल, म्हणाल्या. त्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “बोका आत कसा आला?”

मी म्हणाले, “कडी सैल आहे. ढकललं असेल त्याने.”

हे मी इतक्या पटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. खरं बोलायला ज्या बाईला तीन फेऱ्या कमी पडल्या, तिला खोटं बोलायला एक क्षण पुरला.

ते दारापाशी गेले. कडी वर केली, खाली केली. पुन्हा वर केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हां. सैल हाय. माझीच चूक. मी दार बंद ठेवा म्हणालो, कडी बघायला पाहिजे हुती.”

दुसऱ्या दिवशी ते नवी कडी आणि पेचकस घेऊन आले. मी चहा ठेवायच्या निमित्ताने चुलीकडे तोंड करून उभी राहिले. मागे ते एकेक स्क्रू काढत होते. जुने स्क्रू सहज निघत नव्हते, कुरकुरत होते, हे मला पाठमोरीलाही ऐकू येत होतं. एक चांगली कडी काढून दुसरी चांगली कडी बसवायला त्यांना अर्धा तास लागला. मला वाटलं होतं, आता सांगावं. मग वाटलं, चहा झाल्यावर सांगावं. चहा पिऊन त्यांनी जुनी कडी खिशात टाकली आणि गेले.

तीन दिवस ठकी आंधळी होती. मी तिला हाताने भरवलं आणि तिच्याशी बोलले. शेजारी कोण आहे ते बघितलं नाही. चौथ्या दिवशी सूज उतरली. उजवा डोळा उघडला, हिरवा, पूर्ण. मी चमचा उजवीकडे नेला, डोळा उजवीकडे गेला.

मग महिना झाला, दीड महिना झाला. चौकटीवरचा वास हळूहळू कमी झाला. बोक्याचं रात्री ओरडणं थांबलं. गल्लीतल्या मांजरांच्या अंगावर नव्या जखमा दिसेनाशा झाल्या. त्या दोघांची मैत्री झाली असं मात्र मी म्हणणार नाही. आता बोका आत येतो, आणि ठकी एकदा फिस्स करते. ते ऐकून तो तोंड फिरवून बसतो. मधे दोन हात अंतर असतं. कोणी कमी करत नाही, कोणी वाढवत नाही.

त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. शाळेला सुट्टी होती, मला कळलं तेव्हा त्यांची गावातली भाड्याची खोली रिकामी होती.

दोन वर्षं मी ते वाक्य तयार करत होते. कडी सैल नव्हती, दार मीच उघडलं. एवढंच. तांदूळ धुताना म्हणायचे, बसमध्ये म्हणायचे. यंदा शांताबाई राजूरच्या गणपतीला निघाल्या तेव्हा मीही येते म्हणाले, कारण धरणाऱ्यांचं गाव तिथून जवळ. दर्शन झाल्यावर शांताबाईंना नारळाच्या दुकानापाशी बसवलं आणि विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर गेले.

ते नव्हते. त्यांच्या मंडळी शेणाचा हात पुसत बाहेर आल्या. “मेंढरं घेऊन गेल्यात की भावाबरुबर. दिवाळीलाच गेल्ते. आता आखाडात येतील. घरी बसवत न्हाई त्यांला. तुमी कुठल्या?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“मंग तुमी मांजरवाल्या ताई का?”

मी हो म्हणाले आणि घाबरून विचारलं, “काय सांगितलं त्यांनी?”

“ते कुठं काय सांगत्यात. मांजराचा डोळा कसा असंल, एवढंच म्हणत्यात कधी कधी.” त्यांनी मला पाटावर बसवलं. “काही निरोप हाय का? आले की सांगते.”

मी वाक्य जुळवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात आतून करडांचा गलका झाला म्हणून त्या उठल्या आणि अंगणाच्या कडेच्या पत्र्याच्या खोपटाकडे गेल्या. दार किलकिलं करून त्यांनी आत पाला टाकला, पायाने एका करडाला मागे सारलं आणि दार लावून घेतलं.

दाराला माझी कडी होती.

माझ्या दाराचा निळा रंग तिच्या कडेला अजून होता. दुसऱ्या कोणाच्या दाराचा असा निळा मी पाहिलेला नाही, तो मीच मिसळून लावला होता आणि गाव हसलं होतं.

मी बघते आहे हे पाहून त्या म्हणाल्या, “जुनी हाय ती. कुठून तरी आणली, स्वतः बसवली. पर लई घट्ट बघा. दोन साल झाले, एक बार आपोआप उघडली न्हाई.”

मी उठून उभी राहिले. गाडीची वेळ झाली म्हणाले.

“अन् निरोप?”

“ठकीचा डोळा चांगला आहे म्हणून सांगा.”

त्या चहाचं बघायला आत गेल्या. खोपटातली करडं एकामागून एक दाराला ढुशा मारत होती. पत्रा वाजत होता. कडी जागची हलत नव्हती.